राणे हुतात्मा झाले नव्हते

दर २६ जानेवारीला फोनवर तोच मजकूर येतो. ‘परमवीरचक्र फक्त मरणोत्तर मिळतं. शत्रूला कंठस्नान घालत देह ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांचा तो मान.’ खाली मेजर रामा राघोबा राणे यांचा फोटो आणि ‘हुतात्मा’ ही ओळ. यातलं एकही विधान खरं नाही.

आजवर २१ परमवीरचक्रं दिली गेली, त्यांतली १४ मरणोत्तर. सात जणांना ते जिवंतपणी मिळालं. १९४७-४८ च्या पाकिस्तानबरोबरच्या पहिल्याच, काश्मीरमधल्या युद्धातल्या पाच मानकऱ्यांपैकी करम सिंग आणि राणे हे दोघे हयात होते. कारगिलच्या योगेंद्रसिंह यादवांचं पदक तर आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं, आणि ते रुग्णालयात बरे होत होते! राणे १९६८ साली निवृत्त झाले आणि जुलै १९९४ मध्ये पुण्यात वारले. लढाईनंतर ते ४६ वर्षं जगले.

‘कंठस्नान’ हा शब्द मला सर्वांत जास्त खटकतो. राणे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे रस्ते मोकळे करणाऱ्या, सुरुंग काढणाऱ्या लष्करी अभियंत्यांच्या दलातले; जुन्या भाषेत सफरमैना. एप्रिल १९४८ मध्ये नौशेऱ्याहून राजौरीकडे आपले रणगाडे निघाले, पण रस्ता सुरुंगांनी पेरलेला आणि तोडलेल्या पाइनच्या झाडांनी अडवलेला होता. ८ तारखेला काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. तुकडीतले दोन जवान ठार झाले आणि पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः होते. त्यांनी उरलेल्यांना पुन्हा उभं केलं आणि कामाला लागले. सुरुंग चाचपत काढताना दोन्ही हात त्यातच गुंतलेले असतात, गोळीला गोळीने उत्तर देता येत नाही. एका ठिकाणी मशीनगनचा मारा थांबेना, तेव्हा ते रणगाड्यात बसून थेट अडथळ्यापर्यंत गेले आणि रणगाड्याच्या आडोशाला पडून तो अडथळा स्फोटाने उडवला. ११ एप्रिलला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसपर्यंतचा रस्ता मोकळा झाला. परमवीरचक्राच्या निकषांत ‘शत्रूसमोर’ असं म्हटलंय, ‘शत्रू मारून’ असं नाही.

आणि ‘अधिकाऱ्यांचा मान’? करम सिंग लान्स नाईक, यादव ग्रेनेडियर, म्हणजे दोघेही अधिकारी नव्हेत, जवान. स्वतः राणे कारवारजवळच्या चेंडियेचे, १९४० साली साधे जवान म्हणून भरती झालेले. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले, आणि कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं ते डिसेंबर १९४७ मध्ये. नौशेऱ्याच्या रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांच्या खांद्यावरच्या फितीला चार महिनेही झाले नव्हते.

म्हणून कळकळीची विनंती आहे, त्या फोटोखालचा ‘हुतात्मा’ काढा. तो शब्द ८ एप्रिलला उखळी माऱ्यात गेलेल्या त्या दोन सॅपर्सचा आहे, ज्यांचा फोटो कुणी पाठवत नाही.