ई ड्राइव्ह आणि आठ पिढ्या

'ई ड्राइव्हमधली डिस्क वापरण्याआधी ती फॉरमॅट करावी लागेल. फॉरमॅट करायची का?'

संगणक हा प्रश्न ज्या अदबीनं विचारतो, त्याला तोड नाही. प्रश्नाचा अर्थ एवढाच, की आत जे काही आहे ते मी पुसून टाकतो, मग डिस्क तुम्ही खुशाल वापरा. 'आधी आतलं सामान तर बाहेर काढू द्या' असं बटण तिथे नसतं. फॉरमॅट करा नाहीतर रद्द करा. रद्द करून दुसऱ्या वाटेनं आत शिरायला गेलं, की साहेब भाषा बदलतात आणि म्हणतात, 'डेटा एरर, सायक्लिक रिडन्डन्सी चेक.' डिस्कवर लिहिलेल्या प्रत्येक तुकड्याबरोबर त्याच्या हिशेबाचा एक आकडा ठेवलेला असतो. वाचताना तो हिशेब पुन्हा केला आणि आकडा जुळला नाही, की हा मंत्र उमटतो. मी बँकेत आहे. आमच्याकडे याला 'टोटल लागत नाही' म्हणतात.

डिस्क म्हणजे तळहातावर मावणारी, वायर लावून चालवायची, एक टीबीची. एक टीबी हे आपलं खोक्यावर. संगणक तिला पहिल्या दिवसापासून ९३१ जीबीच म्हणत आला. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि संगणक १०२४च्या, असं मी बाबांना तेव्हाच समजावलं होतं. "म्हणजे माप मारलं," एवढाच बोध त्यांनी घेतला होता.

ही डिस्क शोकेसच्या खालच्या खणात, गॅसची जुनी पुस्तकं आणि कुठल्याच टीव्हीचे नसलेले रिमोट यांच्या सोबतीनं पडून असायची. ती चालू होती तोवर घरातल्या कुणालाही तिच्यात काय आहे हे बघायची इच्छा झाली नव्हती. ती गेल्याची बातमी फुटल्यावर मात्र तिची किंमत तासागणिक वाढायला लागली. बायकोला तिच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो आठवले. मुलीला तिचं 'सगळं बालपण' आठवलं. मुलगी चौदा वर्षांची आहे आणि बालपण अजून चालू आहे. आई, जिनं आजवर माउसला बोट लावलेलं नाही, ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझं लोणच्याचं प्रमाण त्यातच होतं ना रे?" ते कुणी टाइप केलं, कधी केलं, कुणालाच सांगता येईना. पण गेलं, यावर एकमत झालं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुलवृत्तांत."

निवृत्त झाल्यापासून बाबांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला होता. मूळ पुरुषापासून माझ्या मुलीपर्यंत आठ पिढ्या. कोण कुठल्या गावी गेलं, कुणाला किती मुलं, कोण दत्तक, कोण निर्वंश. त्यासाठी ते कोकणात देवळांच्या वह्या चाळून आले होते आणि नात्यातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांना फोन करून त्यांची दुपारची झोप घालवून झाली होती. एका बोटानं टाइप केलेलं ते सगळं ई ड्राइव्हमध्ये.

"बॅकअप नव्हता घेतला?" हे वाक्य यानंतर मी जितक्या लोकांकडून ऐकलं, तितके लोक वडील गेल्यावरसुद्धा कुणाची चौकशी करत नाहीत. अहो, हीच बॅकअप होती! सगळं तिच्यावर सुखरूप आहे म्हणून तर जुना लॅपटॉप भंगारवाल्याला दिला. तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर, असा एक नियम आहे, तोही मला सांगून झाला. जगात ३१ मार्च हा बॅकअप दिन म्हणून पाळतात, असं मुलीनं वाचून दाखवलं. बँकेतल्या माणसाला ३१ मार्चला आणखी एक काम सांगण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याला वर्षअखेर म्हणजे काय हे ठाऊक नसावं.

सल्ल्यांचा ओघ सुरू झाला. 'केबल बदलून बघ' हा सल्ला खरं तर शहाणपणाचा; पुष्कळदा डिस्क ठणठणीत असते आणि वायर मेलेली असते. आम्ही वायर बदलली. संगणकानं तोच प्रश्न त्याच अदबीनं विचारला. मेहुण्यानं फोनवर 'चेकडिस्क चालव, दहा मिनिटांत होईल' असं फर्मावलं. चेकडिस्क हे डिस्कवरच्या फाइलींच्या जमाखर्चाची वही नीट करणारं, संगणकातलंच एक कलम आहे. वही आणि तिजोरी जुळत नसली, तर ते वही सरळ करतं, तिजोरीतल्या मालाचं काय झालं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते चालवलं, तर होतं नव्हतं तेही जातं. पण मेहुण्याला हे सांगणार कोण?

सगळ्यांत कहर केला शेजारच्या काकांनी. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची, सकाळी चालू होते, हा त्यांचा अनुभवसिद्ध उपाय. अनुभव त्यांच्या भाच्याच्या मित्राचा होता. ही समजूत फार जुनी आहे आणि तिच्यापायी डिस्क सुधारण्यापेक्षा बाहेर काढल्यावर आत दव धरून कायमची जाण्याची शक्यताच जास्त. पण काकांचा आईवर पगडा. संध्याकाळी बायकोनं मटार काढायला फ्रीझर उघडला आणि ओरडली, "अहो, हे काय ठेवलंय इथे?" दोन पिशव्यांत गुंडाळून, वर रबर लावून, आठ पिढ्या मटारांशेजारी निजल्या होत्या. आईनं नुकतीच ठेवली होती, म्हणून वाचलो.

मग बाबांना घेऊन लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण संगणकाचं काही बिघडलं की मुंबईचा माणूस लॅमिंग्टन रोडच म्हणतो. डोंबिवलीहून दादर, गाडी बदलून ग्रँट रोड, वाटभर बाबांनी डिस्क रुमालात बांधून मांडीवर धरलेली. एका इमारतीत जिना चढून गेलो. दुकान म्हणजे एक काउंटर, त्यावर पोटं उघडी पडलेले लॅपटॉप, वर पंखा आणि काचेवर 'नो डेटा, नो चार्ज'. मालकानं डिस्क वायरीला लावून कानाशी धरली. आम्ही श्वास रोखला. त्यानं डोळे मिटले. मग उघडून त्यानं एकच प्रश्न केला.

"डेटा इम्पॉर्टंट है क्या?"

या प्रश्नाच्या उत्तरावर तुमचं बिल ठरतं, हे मला माहीत होतं. गाडीत मी बाबांना तीनदा बजावलं होतं, की तोंड उघडायचं नाही. मी चेहरा शक्य तितका निर्विकार करून म्हणालो, "नाही हो, असंच, किरकोळ. गाणीबिणी आहेत."

"किरकोळ?" बाबा उसळले. "आठ पिढ्या आहेत त्यात!"

मालकानं बाबांकडे पाहिलं, त्यांच्या हातातला रुमाल पाहिला, आणि कॅल्क्युलेटर ओढला. पिढीमागे किती धरले कळलं नाही, पण आकडा पस्तीस हजार आला. "खोलना पडेगा," असं म्हणून त्यानं स्क्रूड्रायव्हर उचललासुद्धा.

इथे मात्र मी डिस्क हिसकावून घेतली. डिस्कच्या आत एक आरशासारखी तबकडी असते. आमच्यासारख्या डिस्कमध्ये ती मिनिटाला ५४०० वेळा फिरते, आणि वाचणारं टोक तिला न टेकता काही नॅनोमीटर वरून उडत असतं. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड. धुळीचा एक कण आत शिरला, तर त्या टोकाच्या वाटेत डोंगरच उभा राहतो. म्हणून डिस्क उघडायची तर गाळलेल्या हवेच्या बंद खोलीत, अंगभर झगे घालून उघडतात. इथे काउंटरवर अर्धा वडापाव होता आणि लसणाची चटणी पंख्याच्या वाऱ्यानं मार्गस्थ झाली होती. आम्ही आभार मानून जिना उतरलो. बाबा म्हणाले, "कमी केले असते त्यानं." १९५६ साली आयबीएमनं पहिली डिस्क आणली, तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या, वजन टनभर, आणि मावायचं जेमतेम पाच एमबीच्या आसपास. बिघडली तर दुरुस्तीवाला घरी येत असणार. रुमालात बांधून नेण्याची सोय हीच आमची अधोगती.

शेवटी धावून आला तो आमच्या शाखेत संगणक सांभाळणारा मुलगा. त्यानं आल्याआल्या विचारलं, "टकटक आवाज येतो का?" येत नव्हता. ती नुसती घुमायची, थबकायची, पुन्हा घुमायची. "मग टोक शाबूत आहे, काही सेक्टर, म्हणजे तबकडीवरचे कप्पे, गेलेत," तो म्हणाला. त्यानं तब्येतीचा तक्ता काढून दाखवला. डिस्क स्वतःच्या दुखण्यांची नोंद स्वतः ठेवते. किती सेक्टर बदलून घेतले, किती अजून अडलेत. कितीतरी दिवस ती बिचारी लिहून ठेवत होती, आणि ते वाचायची पद्धत आपल्याकडे नाही.

त्यानं पेनड्राइव्हवरून लिनक्स ही संगणक चालवणारी दुसरी प्रणाली सुरू केली आणि डीडी-रेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम लावला. हा फुकट मिळतो आणि त्याची अक्कल वाखाणण्यासारखी आहे. तो आधी जे सहज वाचता येतं तेवढं भराभर दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. जिथे अडलं, तिथे हट्ट धरत नाही; नकाशात खूण करून पुढे सरकतो. सगळं सोपं हाती आलं, की मग अवघड जागांकडे वळतो, कधी उलट्या दिशेनं येऊन बघतो. वीज गेली तरी नकाशावरून पुढे चालू. परीक्षेत सोपे प्रश्न आधी सोडवा, हे मी मुलीला पाचवीपासून सांगतोय.

पडद्यावर 'उरलेला वेळ' दिसत होता. चार तास, मग दोन दिवस, मग वीस मिनिटं, मग एकदम पाच वर्षं. बाबा खुर्ची टाकून बसले. रात्री पाणी प्यायला उठलो, तर अंधारात निळ्या उजेडात त्यांचा चष्मा. "९९ पूर्णांक सहा," त्यांनी मला बातमी दिली. बोर्डात मला ६१ पडले तेव्हा त्यांचा चेहरा इतका उजळल्याचं स्मरत नाही.

पण जे सेक्टर गेले होते, त्यांतच नेमकी नावांची वही होती. फाइली आत, पण कुठली फाइल कुठे, तिचं नाव काय, ही नोंद नष्ट. मग फोटोरेक लावलं. हेही फुकट, ख्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या फ्रेंच माणसानं केलेलं. ते नावं विचारतच नाही. जेपीजी फोटोची सुरुवात ठरावीक बाइटनी होते. तशी सुरुवात दिसली, की ते तिथून फोटो उचलतं. निकाल हाती आला तेव्हा फाइलींचे ढीग होते आणि नावाच्या जागी नुसते आकडे.

त्यात एक गोम होती. आपण डिलीट करतो तेव्हा असल्या डिस्कवरून फक्त नोंद पुसली जाते. त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर जागच्या जागी असतो. (नव्या, तबकडी नसलेल्या एसएसडी डिस्कचं वेगळं, ती मागाहून ती जागा झाडून घेते.) त्यामुळे आजवर आम्ही हौसेनं फेकलेलं सगळं उठून उभं राहिलं. शुभ सकाळ म्हणणारे गुलाब, थवेच्या थवे. वीजमीटरचे फोटो. कुणाकुणाची पॅनकार्डं. मेहुणीच्या लग्नाच्या सप्तपदीत वरची निम्मी माणसं शाबूत आणि कमरेखाली सगळं करडं, त्यामुळे पावलं किती पडली हे कायद्यानं सिद्ध करणं कठीण. बायकोनं स्वतःच्या हातानं उडवलेला, तिच्या मते जाड दिसणारा, प्रत्येक फोटो मात्र कोपऱ्यापर्यंत स्वच्छ. लोणच्याचं प्रमाण कुठेच नव्हतं.

कुलवृत्तांताची ताजी फाइल सापडली नाही. एक जुनी सापडली. मुलानं ती उघडली आणि पडदाभर इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, टक्के यांचा चिवडा सांडला. "आजोबा, करप्ट आहे," तो हळूच म्हणाला.

बाबांनी चष्मा सरसावला. नाक पडद्याला लावलं. आणि वाचायला लागले. "मूळ पुरुष... भिकाजीपंत... वास्तव्य..." आम्ही त्यांच्याकडे बघतच राहिलो. "करप्ट कसली? शिवाजी फॉन्ट आहे हा!" युनिकोडच्या आधी मराठी टाइप व्हायचं ते इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवून, फॉन्ट नसला, की खालची इंग्रजी उघडी पडते. बाबांनी एका बोटानं ती इतकी वर्षं बडवली होती, की कुठल्या अक्षराखाली काय आहे हे बोटालाच पाठ. आता फॉन्ट कुठला आणायचा? तो जुन्या लॅपटॉपबरोबर भंगारात. अखेर कोपऱ्यावरच्या लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे गेलो. त्याच्याकडे असले सगळे फॉन्ट नांदते आहेत. त्यानं चि. सौ. कां.चं काम बाजूला सारून फाइल उघडली, आणि घराणं देवनागरीत अवतरलं.

घरी बाबा पानं उलटत होते. मध्येच थांबले. चेहरा बदलला.

"राजापूरची शाखा कशी काय आली यात?"

राजापूरच्या चुलत घराण्याशी आगरातल्या फणसावरून बाबांचं वाजलं होतं, आणि त्या तिरमिरीत त्यांनी ती अख्खी शाखा, चार पिढ्या, लेकीसुनांसकट, कुलवृत्तांतातून उडवली होती. ही त्याआधीची प्रत. सगळे जसेच्या तसे परत, 'दानशूर व मनमिळाऊ' या विशेषणांसकट.

"काढ त्यांना," बाबा मुलाला म्हणाले.

"काढतो. पण आजोबा, पुढच्या वेळी डिस्क गेली, की येतील पुन्हा."

बाबांनी यावर बराच विचार केला.

"मग राहू देत," ते म्हणाले. "मनमिळाऊ तेवढं खोड. आणि पुढे कंसात लिही, फणस अद्याप येणे आहे."