निरोपाची भरीत पार्टी निघायच्या आदल्या रात्री ठेवू नका

बदली असो, नवी नोकरी असो की लेकाकडे कायमचं राहायला जाणं असो, हिवाळ्यात पुण्याला नाहीतर सुरतेला निघालेल्या माणसाला खान्देशात निरोप द्यायचा म्हणजे भरीत पार्टी. हल्ली तीसुद्धा हॉलमध्ये, रात्री आठला, ऑर्डर देऊन व्हायला लागली. आदल्या रात्री घरात खोके बांधायचे असतात, जाणाऱ्याचं अर्धं लक्ष टेम्पोवाल्याच्या फोनकडे, आणि पाहुणे ताट घेऊन रांगेत. भेट अशी कोणाशीच होत नाही. निघायच्या दोन-तीन दिवस आधी, मळ्यात, दुपारी करा. वांगी भाजायला, सोलायला, ठेचायला जे दोन-अडीच तास लागतात, खरा निरोप त्यातच होतो. म्हणून हे काम केटररला देऊन टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.

तारीख धरताना चंपाषष्ठी बघा. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं अजून आहेत. त्या दिवशी भरिताचा नैवेद्य झाला की मगच ते खातात. त्याआधी पार्टी ठेवलीत तर आजी, मोठ्या आत्या नुसत्या बसून राहतील, आणि निरोप तर त्यांचाच घ्यायचा असतो.

तीस माणसांचा हिशोब: वांगी दहा किलो, हिरवी मिरची चारशे ग्रॅम (पोपटी, कमी तिखट असेल तर अर्धा किलो), लसूण तीनशे ग्रॅम, शेंगदाणे अर्धा किलो, सुकं खोबरं पाव किलो, तेल एक लिटर, कांद्याच्या पातीच्या दहा जुड्या, कोथिंबीर. वांगी हिरवी-पांढरी, मोठी, बामणोद-भालोदकडची. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. बी कमी, गर जास्त. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे. जड वांगं बियांचं निघतं.

भाजायला तुराट्याच, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्याच हव्यात. मार्गशीर्षात नवी तूर शेतात उभी असते, त्यामुळे मागच्या वर्षीच्या तुराट्या आधीच सांगून ठेवाव्या लागतात. रात्रभर उघड्यावर राहिल्या तर दवाने ओलावतात, मग नुसता धूर होतो आणि भरीत कडवट लागतं. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या काड्या नकोत, हंगामभर त्यांच्यावर फवारण्या झालेल्या असतात. आणि जाळ करायच्या आधी खाली ठिबकच्या नळ्या आहेत का ते पाहा! केळीचा वाळका पालाही लांब सारा.

वांग्याला दोन-तीन टोचे मारा, नाहीतर ते फुटतं. सगळीकडून काळं होऊन देठाजवळ बोट दाबलं की आत गेलं पाहिजे. कच्चं राहतं ते तिथेच. भाजलेली वांगी पातेल्यात दहा मिनिटं झाका, साल सुटते. पाण्याखाली धरून सोलू नका, सगळा धुराचा वास वाहून जातो. हात ओला करून सोला, प्रत्येक वांगं उभं फाडून अळी बघा, मग बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, मुसळाने ठेचा. मिक्सरमध्ये बी भरडलं जातं आणि गर चिकट होतो. फोडणीत आधी शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप, मग मिरची-लसणाचा ठेचा, पात, शेवटी गर. हळद नाही, टोमॅटो तर नाहीच.

सोबत माणशी एक कळण्याची भाकरी आणि पाच-सहा पुऱ्या पुरतात. कळण्याला चार भाग ज्वारी, एक भाग अख्खे उडीद, मीठ घालूनच दळायचं. जेवण केळीच्या पानावर, पण पानं घड कापून झालेल्या खोडाची घ्या. घड लागलेल्या झाडाची तोडली तर घड पोसत नाही आणि शेतकरी पुढच्या वेळी मळ्यात येऊ देणार नाही.

चारपर्यंत पंगत उठवा. सूर्य कलला की गारठा झपाट्याने उतरतो, लहान पोरं असली तर जास्तच जपायला हवं.

आता बांधून द्यायचं. गरम भरीत डब्यात बंद केलं की वाफेचं पाणी सुटून आंबतं, पातीमुळे आणखी लवकर. गर फ्रीजरमध्ये घालून द्यायचीही एक टूम आहे. पण घर हलवणाऱ्याचा फ्रीज टेम्पोत असतो आणि पोचल्यावरही काही तास तो बंदच ठेवतात. त्यापेक्षा चार-पाच कच्ची वांगी देठासकट कागदात गुंडाळून द्या, या थंडीत चार दिवस टिकतात. दोन किलो कळण्याचं पीठ, उडदाचे पापड आणि मूठभर सोललेले शेंगदाणे. गॅसवर भाजलेलं मळ्यासारखं लागणार नाही, पण पहिल्या रविवारी घरात भरीत होईल. काचेच्या फ्रेमा, भिंतीवरची घड्याळं, डिनर सेट मात्र देऊ नका. जाणाऱ्याला आणखी एक खोका बांधावा लागतो. द्यायचंच असेल तर पाकीट द्या.