प्रतिक्रियेला उत्तर: ‘रोममध्ये राहणं सोपं आहे, भाऊ’

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली. उत्तराला दोन दिवस लागले, कारण आमच्याकडची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती. आणि खरं सांगतो, थोडा रागही आला होता. डीपी आज दुपारी बदलली. रागाचं म्हणाल तर तो तुमची प्रतिक्रिया तिसऱ्यांदा वाचताना गेला, कारण तोवर लक्षात आलं होतं की अर्ध्या गोष्टी तुम्ही बरोबर लिहिल्यात.

बाकीच्यांसाठी सांगतो. मागच्या लेखात मी इटलीचा फुटबॉलपटू फ्रान्चेस्को टोट्टीबद्दल लिहिलं होतं. रोमचा पोरगा, २५ हंगाम एकट्या रोमा क्लबकडून खेळला, ७८६ सामने, ३०७ गोल, स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबनं बोलावलं तरी गेला नाही. लेखाच्या शेवटी मी दोन ओळी गाव न सोडणाऱ्यांच्या कौतुकाच्या लिहिल्या होत्या. त्यावर ‘पुण्यातला वऱ्हाडी’ या नावानं आलेली प्रतिक्रिया अशी: ‘ज्याला घरच्या अंगणात कोट्यवधी मिळतात, त्याची कसली निष्ठा? रोममध्ये राहणं सोपं आहे, भाऊ. तुम्ही गावात राहिलात म्हणून त्याच्या आडून स्वतःची पाठ थोपटता. आणि आम्ही पोटासाठी गेलो, तर आम्ही काय बेइमान? कास्तकार मरून राहिले आणि तुम्हाला इटलीचा खेळाडू आठवतो.’ शिवाय एक तारीख चुकल्याचं तुम्ही दाखवलं, आणि टोट्टीची दोन पापं मी लपवली असंही म्हटलं.

तारखेपासून सुरू करतो, ते सोपं आहे. त्याचा पहिला सामना २८ मार्च १९९३ चा, ब्रेशियाविरुद्ध, वय १६. मी १९९२ लिहिलं होतं. दुरुस्त केलं. पापांचंही मान्य. २००४ च्या युरो स्पर्धेत तो डेन्मार्कच्या पोल्सनवर थुंकला आणि तीन सामने बाहेर बसला. २०१० च्या इटालियन कपच्या फायनलमध्ये त्यानं बालोटेल्लीला मागून लाथ घातली आणि लाल कार्ड घेतलं. विसरलो असं म्हणणार नाही. लिहिताना हात आखडला. आपल्या आवडत्या माणसाचं लग्न जमवायला निघाल्यासारखं लिहिलं की असं होतं.

कास्तकारांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तो शब्द तुम्ही मला मारायला वापरला आणि मी स्वतः यवतमाळच्या राळेगाव तालुक्यातला कास्तकार, म्हणजे शेतकरी, आहे.

टोट्टी मला पहिल्यांदा दिसला तो २६ जून २००६ ला. वर्ल्ड कप चालू होता, इटली विरुद्ध ऑस्ट्रेलिया. पेरणीचे दिवस. घरी टीव्ही होता पण केबल नव्हतं, म्हणून आम्ही पाचसहा पोट्टे पानठेल्यावर उभे. इटलीचा एक माणूस लाल कार्ड घेऊन बाहेर गेलेला, ०-० चालू, आणि अगदी शेवटी, ९५ व्या मिनिटाला, पेनल्टी. मारायला आला तो पंचाहत्तराव्या मिनिटाला बदली म्हणून उतरलेला गडी. समालोचक सांगत होता की याच्या पायात लोखंडी पट्टी आणि स्क्रू आहेत, फेब्रुवारीत एम्पोलीविरुद्ध पाय मोडला होता. त्यानं मारली, वरच्या कोपऱ्यात, आणि तोंडात अंगठा घालून धावत सुटला. पानठेलेवाला म्हणाला, ‘ह्या पायानं तर मी सायकलबी नाही चालवणार.’

त्याच आठवड्यात, ३० जूनला, पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि दुसऱ्या दिवशी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात आपला यवतमाळ होता. का आले होते ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. आमच्या गावात त्या वर्षी काय झालं ते इथं लिहिणार नाही, त्यांच्या घरची मुलं आता मोठी झालीत आणि हा ब्लॉग वाचतात. एवढंच सांगतो की त्या दिवसांत रात्री कुठंतरी नजर लावायला पानठेल्यावरचा एक टीव्ही होता आणि त्यात पट्टी ठोकलेल्या पायाचा एक माणूस होता. तुम्हाला ते चुकीचं वाटत असेल तर वाटो. दुःखाच्या गावात माणसानं चोवीस तास दुःखाकडेच पाहत बसावं, ही अपेक्षा बहुतेक बाहेरगावचे लोकच करतात.

(हे वाक्य थोडं लागेल. ठेवतो तरी.)

आता मुख्य मुद्दा. रोममध्ये राहणं सोपं आहे. बरोबर. पगार तगडा, हवा चांगली, आई जवळ. लहानपणी मिलान क्लबची माणसं त्याला घ्यायला आली तेव्हा आईनंच नाही म्हटलं होतं, म्हणजे पहिला निर्णय त्याचा नव्हताच. पुढं माद्रिदला जायच्या अगदी बेतात होतो, हे त्यानं नंतर स्वतःच सांगितलंय. मागच्या लेखात मी ‘मोह झाला नाही’ असं लिहिलं होतं, तेही खोडलं. मोह झाला होता.

आणि माझं म्हणाल, तर मी राहिलो नाही, अडकलो. २००८ मध्ये मीही पुण्याला आलो होतो, चार महिने. बाबांना लकवा मारला म्हणून परत आलो. मी मोठा, म्हणून मी आलो. दोन वर्षांनी धाकटा भाऊ चाकणला गेला. तेव्हापासून बोअरची मोटर जळली की रिवायंडिंगचे पैसे त्याच्याकडून येतात. तो बेइमान असता तर माझं वावर कधीच कोरडं पडलं असतं. त्या शेवटच्या दोन ओळी लिहिताना मला तो आठवायला पाहिजे होता. नाही आठवला. त्या ओळी आता लेखात नाहीत.

मग टोट्टीत उरतं काय? तुम्ही हे विचारलं नाही, पण तुमच्या प्रतिक्रियेमुळं मला ते स्वतःला विचारावं लागलं.

उरतो २०१६ चा हंगाम. तो ३९ वर्षांचा, आणि नवा कोच स्पालेट्टी त्याला खेळवत नाही. फेब्रुवारीत टोट्टीनं एका मुलाखतीत मनातलं बोलून टाकलं, तर पालेर्मोच्या सामन्याआधी कोचनं त्याला घरी पाठवलं. तो प्रेक्षकांत बसून सामना पाहत होता. रोमा ५-० नं जिंकली. त्याच्याशिवाय. विचार करा: ज्या गावानं तुम्हाला सोळाव्या वर्षापासून पाहिलं, त्याच गावासमोर तुम्ही खुर्चीवर बसलात आणि तुमच्यावाचून काम व्यवस्थित चाललंय. माद्रिदला गेला असता तर म्हातारपण परक्यांत गेलं असतं, ते बरं असतं. इथं लहानपणी ज्यांनी खांद्यावर घेतलं तेच म्हणायला लागतात की बुढ्याचं झालं आता. आमच्या गावात हेच होतं. तुमचं एक वर्ष पीक बुडालं की ते कोणालाही सांगावं लागत नाही, धुऱ्यावरून येता-जाता सगळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि पुढच्या जूनला तुम्ही त्याच लोकांसमोर पुन्हा तिफण धरता.

२० एप्रिलला तोरिनोविरुद्ध सामना होता. आपल्याकडे तो मध्यरात्रीनंतर. मी वावरात, उन्हाळी भुईमुगाला ओलीत करत होतो, कारण थ्री फेजची पाळी रात्रीची होती. तेव्हा फोनवर व्हिडिओ वगैरे चालायचं नाही, स्कोअरचं पान उघडायलाच दोन मिनिटं लागायची. रोमा १-२ अशी मागं. म्हटलं, झालं. दांड फोडून पाणी पुढच्या सरीला लावलं, हात पुसले, परत पान उघडलं तर ३-२. खाली दोनदा एकच नाव. ८६ व्या मिनिटाला आत आला, पहिल्याच स्पर्शाला गोल, तीन मिनिटांनी पेनल्टीवर दुसरा. मी असा ओरडलो की शेजारच्या वावरातून काका बॅटरी घेऊन धावत आले.

‘काय बे, साप निंगाला काय?’

‘नाही काका, टोट्टी.’

‘तो कोन?’

काय सांगणार? म्हटलं, एक बुढा आहे, त्याला घरी बसवलं होतं. काका म्हणाले, ‘मंग?’ आणि उत्तराची वाट न पाहता पाणी कुठवर आलं ते पाहायला निघून गेले.

तुम्ही असंही सुचवलं की क्लबनं त्याची कदर केली नाही, म्हणजे निष्ठा वाया गेली. ज्या तारखेला, १७ जून २००१ ला, पार्माला ३-१ हरवून त्यानं रोमाला लीग जिंकून दिली, अठरा वर्षांनी त्याच १७ जूनला त्यानं क्लबमधलं संचालकपद सोडलं, आपल्याला विचारतच नाहीत म्हणून. हे दुखतं. पण वाया गेलं असं मला वाटत नाही. लीग त्याला एकदाच मिळाली. २००७ ते २०१७ मध्ये रोमा सहा वेळा दुसरी आली. पुन्हा पुन्हा दुसरं येऊन परत बूट बांधणारा माणूस क्लबच्या कदरीसाठी बांधत असेल, असं वाटत नाही. कशासाठी बांधत होता, ते मला अजून नीट सांगता येत नाही. कापूस पिकवणाऱ्यांना विचारलं तर तेही सांगू शकणार नाहीत.

‘विदर्भात फुटबॉल कुठे’ हा तुमचा टोमणा मात्र सोडून देतो. कधी नागपूरजवळच्या कामठीला जाऊन फुटबॉल पाहून या.

२८ मे २०१७ ला त्याचा शेवटचा सामना होता, जेनोआविरुद्ध. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता, घरात झोपणं शक्य नव्हतं, मी स्लॅबवर. तोवर जिओ आलं होतं, त्यामुळं पहिल्यांदाच मी त्याला फोनवर हलताना पाहिला. चाकणहून भावानं बाबांच्या फोनवर कॉल लावला आणि तसाच चालू ठेवला, तो तिकडं खोलीवर पाहत होता, मी इकडं. ५४ व्या मिनिटाला टोट्टी आत आला. रोमा ३-२ जिंकली. मग तो मैदानभर रडत फिरला आणि माईक घेऊन लिहून आणलेलं वाचू लागला. मला भीती वाटते, असं म्हणाला. भाषा आम्हाला कळत नव्हती, हे दुसऱ्या दिवशी वाचलं. त्या वेळी आम्ही दोघंही गप्प होतो. भावाकडचं चित्र माझ्यापेक्षा दहाएक सेकंद पुढं होतं, त्यामुळं तिकडून नाक ओढल्याचा आवाज आधी यायचा आणि इकडं टोट्टी नंतर रडायचा.

मग तो म्हणाला, ‘ठेवतो दादा, सकाळची शिफ्ट आहे.’