‘शेल्टरमध्ये उपचार कोणीही करू शकतं’ हा गैरसमज आता थांबवू या

प्राण्यांसाठी काम करणाऱ्यांच्या गटांवर एक मेसेज वारंवार फिरतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : शेल्टर नोंदणीकृत असेल तर तिथल्या अनुभवी कार्यकर्त्याला इंजेक्शन, सलाईन, टाके, अगदी नसबंदीही करता येते. पैसे घेत नाही म्हणून ती प्रॅक्टिस ठरत नाही. भूतदया हे तर संविधानातलंच कर्तव्य आहे आणि डॉक्टर लागतो तो फक्त सहीपुरता.

हा मेसेज पुढे पाठवणारे बहुतेक लोक मनापासून राबणारे असतात. म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं, कारण उद्या अडचणीत तेच येतील आणि त्यांच्याआधी त्यांच्या हातातला प्राणी.

आधी नोंदणीचं बघू. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 मधलं कलम 30 सांगतं की नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज कोणालाही पशुवैद्यकीय व्यवसाय करता येणार नाही. इथे नोंदणी माणसाची बघितली जाते, संस्थेची नाही. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असला, संस्थेला प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असली, तरी त्यामुळे तिथल्या कार्यकर्त्याला उपचाराचा अधिकार मिळत नाही. ओळखीतल्या एमबीबीएस डॉक्टरलाही तो नाही. पशुवैद्यकाची पदवी घेऊन नोंदणी न केलेल्यालाही नाही.

‘फुकट करतो’ हा मुद्दा तर कलमात कुठेच बसत नाही. फी घेतली तरच बंदी, असं तिथे लिहिलेलं नाही.

मेसेजमधला सगळ्यात फसवा भाग पुढे आहे. त्यात याच कलमातलं अर्धं वाक्य दिलेलं असतं : ‘लसीकरण, खच्चीकरण, जखमेचं ड्रेसिंग या किरकोळ सेवा आहेत.’ हे शब्द कायद्यात खरंच आहेत. पण त्यांच्या आधी काय लिहिलंय तेही वाचा. राज्य सरकार आदेश काढून परवानगी देऊ शकतं, ती पशुधन पर्यवेक्षक किंवा तत्सम पदविका-प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीला. तीसुद्धा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार. म्हणजे पदविका, सरकारी परवानगी आणि डॉक्टरांची देखरेख अशा तिन्ही गोष्टी लागतात. पाच वर्षं शेल्टरमध्ये काढलेल्या ताई-दादांच्या हाताला कितीही सवय असली, तरी ती पदविका नव्हे. महिन्यातून एकदा येऊन रजिस्टरवर सह्या करून जाणं ही देखरेखही नव्हे.

त्या ‘खच्चीकरण’ (म्हणजे नर जनावराची नसबंदी) शब्दावरून कुत्रीच्या नसबंदीपर्यंत उडी मारली जाते, ती मला सगळ्यात धोकादायक वाटते. मादीची नसबंदी म्हणजे पोट उघडून अंडाशय आणि गर्भाशय काढायचं. अंडाशयाच्या देठाशी रक्तवाहिन्या असतात आणि त्या बांधलेला टाका सैल पडला तर रक्त बाहेर दिसत नाही, पोटात साठत राहतं. कुत्री ओरडत नाही, शांत पडून राहते. बघणाऱ्याला वाटतं, भूल अजून उतरली नसेल. ओठ वर करून हिरड्या बघितल्या तर त्या पांढऱ्या पडत चाललेल्या असतात. त्या क्षणी पोट पुन्हा उघडून ती वाहिनी शोधणारा माणूस तिथे हजर हवा. भटक्या कुत्र्यांची नसबंदी प्रशिक्षित पशुवैद्यकानेच करायची आणि तीही प्राणी कल्याण मंडळाने मान्य केलेल्या प्रकल्पातच, असं प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 सांगतात. त्यामागचं कारण हेच आहे.

औषधांबद्दल मेसेज म्हणतो, ‘तापाला, दुखण्याला साधी गोळी द्यायला डॉक्टर कशाला?’ मांजराला पॅरासिटामॉल दिलं तर काय होतं ते सांगते. माणसाचं यकृत ज्या मार्गाने हे औषध निकामी करतं, तो मार्ग मांजरात फारच कमजोर असतो. औषधाचे विषारी अंश रक्तातल्या हिमोग्लोबिनवरच हल्ला करतात, रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. हिरड्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. माणसांची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, आणि ती देणाऱ्याने प्रेमापोटीच दिलेली असते.

गोशाळांमध्ये डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं असंच होतं. ते टोचलेलं जनावर मेलं आणि त्याचं मांस गिधाडांनी खाल्लं तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, म्हणून 2006 पासून जनावरांसाठी त्याचं उत्पादन बंद केलं गेलं. तरी माणसांचं इंजेक्शन आणून गाईला टोचणारे आजही भेटतात. भुलीचं केटामाइन तर 2013 पासून शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. शेल्टरच्या कपाटात ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय सापडलं, तर ‘आम्ही सेवा करतो’ हे उत्तर चालणार नाही.

संविधानाचा मुद्दा थोडक्यात. अनुच्छेद 51क (छ) प्रमाणे प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे, हे बरोबर. पण त्याने कोणाला शस्त्रक्रियेचा परवाना मिळत नाही.

आता ती ‘फक्त सही’. आरोग्य प्रमाणपत्रावर सही करण्याचा आणि न्यायालयात पशुवैद्यकीय बाबींवर तज्ज्ञ म्हणून साक्ष देण्याचा हक्क कलम 30 ने नोंदणीकृत पशुवैद्यकालाच दिला आहे. कोणी कुत्र्याच्या अंगावर उकळतं पाणी टाकलं आणि तुम्ही त्याला उचलून आणलंत, असं समजा. पहिल्याच दिवशी जखम साफ केली, कातडी कापली, टाके घातले, पण डॉक्टरांनी तपासलेला कागद एकही नाही. पुढे खटला उभा राहतो तेव्हा जखम कशामुळे झाली, किती खोल होती, हे सांगणारा तज्ज्ञ साक्षीदार तुमच्याकडे नसतो आणि मूळ जखमही उरलेली नसते. ज्याच्यासाठी धावलात त्याचीच केस कमकुवत होते.

इच्छामरणाबाबत तर शंकेलाही जागा नको. ‘त्रास बघवत नव्हता’ म्हणून कार्यकर्त्याने इंजेक्शन देणं हा गुन्हा ठरू शकतो. भटका कुत्रा बरा होण्यापलीकडे आहे की नाही, हे 2023 च्या नियमांनुसार स्थानिक देखरेख समितीने नेमलेलं पथक ठरवतं आणि पुढचं काम पात्र पशुवैद्यक करतो.

मेसेजमागचा राग मला पटतो. रात्री फोन उचलणारे डॉक्टर कमी आहेत, शेल्टर भरलेली आहेत आणि 7 नोव्हेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, स्थानकं यांच्या आवारातले कुत्रे शेल्टरमध्ये हलवायला सांगितल्यावर हा भार वाढणारच आहे. पण प्रशिक्षण नसलेल्या हाती सुरी देऊन तो हलका होत नाही.

कार्यकर्त्याला करण्यासारखं पुष्कळ आहे. वाहतं रक्त कापडाने दाबून धरणं, मोडलेला पाय न हलवता प्राण्याला फळीवर घेणं, लिहून दिलेलं औषध लिहिलेल्या मात्रेत आणि वेळेवर देणं, रोज वजन, ताप, खाणं, शी-शू केसपेपरवर नोंदवणं. डॉक्टर आल्यावर त्या नोंदींवरूनच निदान लवकर होतं. संस्थेनेही एका नोंदणीकृत पशुवैद्यकाशी लेखी करार करावा, त्यांचा नोंदणी क्रमांक दर्शनी भागात लावावा, रात्रीसाठी दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर ठरवून ठेवावा आणि अळ्या पडलेली जखम, उलट्या-जुलाब, अपघात अशा नेहमीच्या प्रसंगांत डॉक्टर येईपर्यंत काय करायचं व काय करायचं नाही, हे त्यांच्याकडूनच सहीनिशी लिहून घ्यावं. हा मेसेज पुन्हा आला तर त्याखाली कलम 30 चा पूर्ण मजकूर टाका, अर्धा नको.