गेमच्या ड्राइव्हला एक्सफॅट करा म्हणणाऱ्यांना उत्तर

ड्राइव्ह फॉरमॅट करताना एनटीएफएस किंवा एक्सफॅट अशी एखादी फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, निवडावी लागते. पीसीत नवी एसएसडी बसवणाऱ्याला हमखास मिळणारा एक सल्ला असा: ‘फक्त गेमच ठेवायचे आहेत ना? मग एनटीएफएस सोडा, एक्सफॅट करा. जर्नलिंगचं ओझं नाही म्हणून एसएसडी कमी झिजते. क्लस्टर मोठा असल्याने एफपीएस वाढतात. शिवाय विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालतं.’ यातलं शेवटचं वाक्य निम्मं खरं आहे आणि त्याच्या भरवशावर बाकीचं खपून जातं.

एफपीएसचं, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमचं, आधी उरकून टाकू. फ्रेम तयार करतात सीपीयू आणि जीपीयू. डेटा एकदा रॅममध्ये आला की फाइल सिस्टिमला तिथे काही काम उरत नाही. लोडिंगचा वेळ मात्र स्टोरेजवर अवलंबून असतो, पण तो ठरवते मुख्यतः ड्राइव्ह. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास वाचते, एनव्हीएमई या नव्या जोडणीची चांगली एसएसडी काही हजार एमबी. फॉरमॅट बदलून ही दरी भरत नाही. उलट विंडोज ११मध्ये डायरेक्टस्टोरेज या गेमचा डेटा झपाट्याने लोड करणाऱ्या तंत्राच्या सोबतीला बायपासआयओ नावाची सोय आली. तिच्यामुळे वाचनाच्या विनंत्या मधले थर टाळून लवकर ड्राइव्हपर्यंत पोचतात. ती आणली एनव्हीएमईवरच्या एनटीएफएससाठी, आणि एक्सफॅटला तिचा लाभ नाही. म्हणजे वेगासाठी एक्सफॅट करणारा माणूस वेगाचीच एक सोय स्वतःहून सोडतो.

क्लस्टर म्हणजे फाइलीला जागा देण्याचं सगळ्यात लहान एकक. मोठ्या क्लस्टरचा हिशेब कोणीही कागदावर करून पाहावा. ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हवर विंडोज एक्सफॅटला आपणहून १२८ केबीचा क्लस्टर देतं. एनटीएफएसला सहसा ४ केबीचा. प्रत्येक फाइलमागे सरासरी अर्धा क्लस्टर वाया जातो असं धरा. भरपूर मॉड (खेळाडूंनी बनवलेल्या जोडफाइली) घातलेल्या गेममध्ये एक लाख सुट्या फाइली असतील, तर एकीकडे सहा जीबीहून जास्त जागा नुसती अडकते, दुसरीकडे सुमारे २०० एमबी. ज्या गेमचा सगळा माल चार-दोन अवाढव्य फाइलींत बांधलेला असतो, तिथे ही नासाडी नगण्य. पण मग मोठ्या क्लस्टरचा फायदाही जाणवण्याइतका राहत नाही.

जर्नलिंगने, म्हणजे बदलांची नोंदवही ठेवल्याने, एसएसडी झिजते, ही भीती तर जुनीच. एनटीएफएस जर्नलमध्ये फाइलीतला मजकूर लिहीत नाही. फाइलींची नावं, जागा, आकार यांतल्या बदलांची नोंद ठेवतं. गेमचा ३० जीबीचा एक पॅच, म्हणजे अपडेट, ड्राइव्हवर जेवढं लिहितो, त्याच्यापुढे ही नोंद किरकोळ आहे.

आणि ती नोंद नेमकी कधी लागते? पॅच उतरत असताना वीज गेली किंवा पीसी अडकला की. एनटीएफएस पुढच्या वेळी ही नोंद, म्हणजे लॉग, वाचून आपली रचना सावरतं. एक्सफॅटकडे असा लॉगच नाही. मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्हसारख्या माध्यमांसाठी मायक्रोसॉफ्टने ते २००६मध्ये आणलं, त्यामुळे त्याचा हलकेपणा तिथे शोभतो. गेमच्या ड्राइव्हवर सतत अपडेट चालू असतात. अर्थात जर्नल म्हणजे बॅकअप नव्हे. अर्धवट लिहिलेली फाइल एनटीएफएसवरही खराब होऊ शकते आणि स्टीम या गेम विकणाऱ्या ॲपमधून ती तपासून पुन्हा उतरवता येते. मात्र जमवलेले मॉड, रेकॉर्डिंग, गेमच्याच फोल्डरमध्ये पडलेले जुने सेव्ह स्टीम परत आणून देत नाही.

मॉडवरून आठवलं. व्होर्टेक्ससारखा मॉड मॅनेजर शक्यतो हार्डलिंक वापरतो, म्हणजे एकच फाइल दोन ठिकाणी दिसते आणि जागा एकदाच घेते. एक्सफॅटमध्ये हार्डलिंक नाहीत. एक्सबॉक्स ॲपमधले गेम तर एक्सफॅटवर इन्स्टॉलच होत नाहीत. तरीही ‘फक्त गेमसाठी एक्सफॅट’ म्हणायचं?

आता ते निम्मं खरं वाक्य. लिनक्स कर्नलमध्ये एक्सफॅट २०१९पासून, ५.४ आवृत्तीत आहे. ड्राइव्ह उघडेल, फाइली दिसतील. पण विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक नकली सी ड्राइव्ह उभा करतं. त्यासाठी त्याला सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे किंवा फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या खुणा, लागतात आणि त्यांच्या नावात कोलन असतो. एक्सफॅटला सिमलिंक ठाऊक नाहीत आणि नावात कोलन चालत नाही. फाइली दिसणं आणि गेम सुरू होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. लिनक्सवर चालणारा स्टीम डेक हा हातातला गेमिंग पीसीसुद्धा मेमरी कार्ड ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करतो, ते उगाच नाही.

तेव्हा फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस, क्लस्टर आहे तोच राहू द्या. फक्त लिनक्स असेल तर ईएक्सटी४. दोन्ही असतील तर दोन वेगळी पार्टिशन करणं मला सगळ्यात कमी कटकटीचं वाटतं. जागा विभागायचीच नसेल तर सामाईक पार्टिशन एनटीएफएस ठेवा, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा आणि प्रोटॉनचं कॉम्पॅटडेटा फोल्डर (ते नकली सी ड्राइव्ह जिथे असतात ते) ईएक्सटी४वर हलवून त्याची लिंक द्या. एक्सफॅट वापरायचं ते विंडोज आणि मॅकमध्ये ने-आण करायच्या बाहेरच्या ड्राइव्हला.

आधीच एक्सफॅट करून बसला असाल तर गेम पुन्हा उतरवायची गरज नाही. स्टीमच्या स्टोरेज सेटिंगमधून ते दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा, मॉड आणि सेव्हची प्रत वेगळी काढा, मग फॉरमॅट करा आणि सगळं परत आणा. फॉरमॅट क्विकच पुरे. पूर्ण फॉरमॅटमध्ये विंडोज अख्ख्या एसएसडीवर शून्यं लिहीत बसतं.