वेबसाईटवाला म्हणतो डायबिटीस मुळापासून बरा!!

सकाळी ओपीडीत एक काका आले, खुर्चीत टेकायच्या आधीच मोबाईल माझ्या नाकासमोर धरून विचारतात, डॉक्टर गोळ्या कधीपासून बंद करू? बघतो तर माझीच वेबसाईट. माझा फोटो, खाली माझा रजिस्ट्रेशन नंबर, आणि वर लाल पट्टीत "आमच्या औषधाने डायबिटीस ९० दिवसांत मुळापासून बरा! १००% गॅरंटी!!" काकांची उपाशीपोटी शुगर २१०.

अरे माणसा, असली जाहिरात करणं गुन्हा आहे! १९५४ चा कायदा आहे, ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज, त्यात आजारांची यादी दिलीय आणि त्या यादीत डायबिटीस आहे. भोंदूंसाठी केलेल्या कायद्यात एमडी मेडिसिन अडकणार, आणि मेडिकल कौन्सिलची नोटीस आली की उत्तर द्यायला हा येणारे का? मी लिहून काय दिलं होतं तर वेळ, पत्ता, डिग्री. बास. वेबसाईटवाल्याला फोन केला तर म्हणे "सर टेन्शन नका घेऊ, ते एसईओसाठी टाकलंय, म्हणजे गुगलवर वर दिसायला, लोक तसंच सर्च करतात." लोक केळीच्या सालीने किडनी स्टोन पण सर्च करतात रे, तेही टाक! "डन सर" म्हणाला आणि अंगठा पाठवला. हा अंगठा ज्याने शोधून काढला ना तो एकदा मला भेटू दे.

आणि हे आत्ताचं झालं. आधी होमपेजवर एक गोरी डॉक्टरीण हसत उभी होती, स्टेथोस्कोप कानात उलटा. सांगलीत, माझ्या क्लिनिकमध्ये. मराठी मजकूर टाकला तर मोबाईलवर नुसते चौकोन, कारण पठ्ठ्याने डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून आणला होता, युनिकोड, म्हणजे सगळ्या मोबाईलवर दिसतं तसं टायपिंग, म्हटलं तर तोंडाकडे बघत बसला. अपॉइंटमेंटचा फॉर्म भरला की जातो कुठे, तर त्याच्या स्वतःच्या जीमेलवर! म्हणजे माझ्या पेशंटांची पाळी चुकलीय का मूळव्याध झालाय हे आधी याला कळणार. मॅपवरची पिन मागच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर, गिरणीवाले आता माझ्या रिसेप्शनिस्टपेक्षा जास्त पेशंट सांभाळतात, वर "डॉक्टर आज उशिरा येणारेत" असंही सांगतात म्हणे.

दुपारी सहज स्वतःचं बीपी बघितलं, १६०/१००. पेशंटला रोज सांगतो, मीठ कमी करा, चिडचिड कमी करा. बायको शांतपणे म्हणाली, "पाच मिनिटांत बोलावतो म्हणून तुम्ही लोकांना दीड तास बसवता, ते तुमच्याबद्दल काय बोलत असतील?" यावर मी काही बोललो नाही, चहा घेतला, बिनसाखरेचा, तो पण गार.

पण बिल मात्र वेळेवर आलं हं याचं! "ॲन्युअल मेंटेनन्स", वर १८ टक्के जीएसटी. आमची सेवा जीएसटीतून मुक्त, म्हणजे इनपुट क्रेडिट पण नाही, भरलेला जीएसटी वळता होत नाही, सगळं खिशातूनच. म्हटलं नको तुझं मेंटेनन्स, माझं डोमेन, म्हणजे वेबसाईटचा पत्ता, मला दे. तर कळलं की डोमेन त्याच्याच नावावर आहे, माझ्या आडनावाचं डोमेन, त्याच्या नावावर! ट्रान्सफरचा कोड मागितला तर म्हणे तो सिनियरकडे असतो, आणि सिनियर लग्नाला गावी गेलेत, तिथे रेंज नाही.