ते ‘30 टक्के’ माझ्या नावावर नकोत

बडोद्यातल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर माझ्या ॲनिमेशनखाली एक मजकूर फिरतोय: ‘चित्रात 30 टक्के बदल केला की कॉपीराइट लागत नाही, आपल्या मुलीनं करून दाखवलं.’ कौतुकाबद्दल आभार, पण मी असलं काही दाखवलेलं नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्यात अशी टक्केवारीच नाही. दुसऱ्याच्या चित्रातला महत्त्वाचा भाग परवानगीशिवाय उचलला, की बाकी कितीही बदला, अडचणीत येऊ शकता.

मी घेतलं ते राजा रविवर्म्यांचं चित्र. ते 1906 साली वारले. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, म्हणजे तो केव्हाच संपला. एक टक्का बदल केला असता तरी चाललं असतं! खरं तर बदललाय फक्त पदर. तो वेगळ्या लेयरवर, म्हणजे मूळ चित्रापासून सुट्या थरावर घेऊन सेकंदाला 12 चित्रं काढली. निऱ्यांची सावली दर चित्रात सरकवताना दोन रात्री गेल्या.

नव्यानं काढलेल्या त्या चित्रांवरचा हक्क मात्र माझा आहे, आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तेव्हा खालची सही कापून क्लिप पुढे ढकलणाऱ्या काकांनी कृपया ती सहीसकट पाठवावी.